ढीग आणि पंगत



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी सकाळची पूजा आटोपली की अंगणात, गच्चीवर नाहीतर खिडकीच्या कठड्यावर पाखरांना दाणे टाकले जात असतील. उन्हाळ्यात पाण्याचे भांडेही ठेवले जात असेल. ही आपल्या घराघरातली जुनी रीत आहे. आपण घास घेण्याआधी गाय, कावळा, मुंगी यांचा वाटा काढावा, हे आपल्याला कोणी पोथी उघडून शिकवले नाही. आजीच्या हाताकडे पाहून आपण शिकलो. म्हणून हा लेख वाचून कोणी दाणे टाकणे सोडावे असा माझा हेतू मुळीच नाही. पण याच साध्या रीतीने मला गेली चार वर्षे एका प्रश्नात अडकवून ठेवले आहे. तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो आणि मला जेवढे उमगले तेवढे सांगतो.

मी नागपूरचा. रेल्वेत नोकरी केली आणि निवृत्त झालो. माळ वडिलांपासून घरात आहे. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहेच. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दुपारी दारातल्या कडुनिंबाखाली चोची उघड्या टाकून धापा टाकणारी पाखरे पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी आणि एका मोठ्या ताटलीत ज्वारी आणि तांदळाची कणी ठेवू लागलो. हरिपाठ म्हणायचा, ताटली भरायची आणि खुर्ची टाकून बघत बसायचे, असा नेम झाला.

पहिले आठ-दहा दिवस मन भरून आले. आधी चिमण्या आल्या, मग साळुंक्या, एक ठिपकेवाला होला, दोन बुलबुल. खारही आली. जणू आपल्या गच्चीवर छोटीशी वारीच उतरली आहे, असे वाटे. मग कबुतरे आली. पहिल्या दिवशी चार होती, महिन्याभरात चाळीस झाली. पंखांचा फडफडाट करून ती एकदम उतरत आणि ताटलीत उभी राहत. चिमणी साधारण पंचवीस-तीस ग्रॅम वजनाची, तर कबुतर तीनशे ग्रॅमच्या आसपासचे. म्हणजे एका कबुतरात दहा चिमण्या. चिमणीला एक दाणा चोचीत फिरवून त्याचे टरफल काढावे लागते, तेव्हा कुठे तो गिळता येतो. कबुतर टरफलासकट टपाटप गिळत जाते. चिमणी एक दाणा सोलते तेवढ्या वेळात कबुतराचे किती गिळून होतात हे मी मोजायचा प्रयत्न केला आणि मोजणे सोडून दिले. चिमण्या कठड्यावर ओळीने बसून राहत आणि ताटली रिकामी झाली की फटींत अडकलेले चार दाणे टिपून उडून जात.

नीट बघायला लागलो तसे कळले की इथे सगळ्यांचा अनुक्रम ठरलेला आहे. कावळा आला की कबुतर सरकते. कबुतरांतही एक दांडगा नर आहे, तो इतरांना चोच मारून बाजूला करतो. साळुंकी चिमणीवर धावते. चिमण्यांतही एक दुसरीला हुसकावते. नॉर्वे देशात श्येल्डरप-एब्बे नावाचा एक माणूस लहानपणापासून कोंबड्या पाहत बसायचा. कोणती कोंबडी कोणाला चोच मारते आणि कोणाची मुकाट्याने खाते, याची तो नोंद ठेवी. १९२० च्या दशकात त्याने जगाला सांगितले की कोंबड्यांच्या खुराड्यात चोच मारण्याची एक उतरंड असते, वरची सगळ्यांना मारते आणि तळाची सगळ्यांची खाते. पुढे ऑफिसात, बाजारात, राजकारणात माणसे एकमेकांना कशी दाबतात हे सांगतानाही लोक हाच शब्द वापरू लागले. मला तो कोंबडीवाला माणूस आपला वाटला. रेल्वेच्या जनरल डब्यात आषाढीच्या गर्दीत कोण खिडकीतून आत शिरतो आणि कोणाचे गाठोडे फलाटावरच राहते, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

आता माझी चूक सांगतो. चिमण्यांची दया येऊन मी एक वेळूची काठी आणली. कबुतर उतरले की काठी आपटायची, ते उडाले की चिमण्यांची वाट पाहायची. पण काठी आपटली की चिमण्या सगळ्यांत आधी उडत आणि सगळ्यांत शेवटी परत येत. कबुतरे तर दोन दिवसांत काठीला सरावली. मी आणखी जोरात आपटू लागलो. एकदा आमच्या घरच्या वर आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय करून राह्यले तुम्ही? एका हातानं दाणे टाकता अन् दुसऱ्या हातानं काठी दाखवता. पाखरानं समजावं तरी काय?"

मी काठी खाली ठेवली, पण मन शांत झाले नाही. कीर्तनात आपण तुकोबारायांची गोष्ट ऐकतो. त्यांना येताना पाहून पाखरे भुर्रकन उडाली आणि त्यांना वाईट वाटले, की सर्वांठायी एकच देव असताना माझी भीती यांना का वाटावी? माझ्यातच काही भेद शिल्लक असला पाहिजे. मग पाखरे निर्भयपणे अंगाखांद्यावर येऊन बसेपर्यंत ते तसेच उभे राहिले. आणि मी? दया करायला निघालो आणि सगळ्या गच्चीला माझे भय घातले. तेव्हा प्रश्न असा पडला : विठ्ठल कबुतरात आहे की नाही? असेल, तर मी त्याला कोणत्या तोंडाने हाकलतो? आणि हाकलत नाही, तर कठड्यावर उपाशी बसलेल्या चिमणीतल्या विठ्ठलाला काय उत्तर देतो? दुबळ्याच्या बाजूने उभे राहावे, असे संत सांगतात. भेद करू नये, असेही संतच सांगतात. गच्चीवर ही दोन्ही वचने एकमेकांसमोर उभी राहिल्यासारखी वाटू लागली.

मी एक सोपी पळवाट काढली. म्हटले, हा निसर्ग आहे. मोठा लहानाला हटवतो ही देवाचीच रचना. आपण दाणे टाकावे, कोणी खाल्ले ते पाहू नये. निष्काम कर्म करावे. माउली, ही पळवाट तुम्हांलाही सुचली असेल. ऐकायला ती शहाणपणाची वाटते. दोन वर्षे मी तिच्यावर चाललो. ती कुठे फसली ते सांगतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. माझ्याहून मोठे, पंढरीची वारी अनेकदा पायी केलेले, गळा गोड. एकादशीच्या भजनात चाल तेच धरायचे. त्यांना खोकला लागला. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, मग चाल धरणे सुटले. एके दिवशी त्यांची सून वर आली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिला बोलणे जड जात होते. "काकाजी, राग नका मानू. पण डॉक्टरांनी बाबांना कबुतरांपासून दूर ठेवायला सांगितलं. आमच्या खिडकीवर, कूलरच्या जाळीवर सगळी घाण असते. बाबा तुम्हाला बोलत नाहीत. पाखरांचं पुण्याचं काम आहे म्हणतात."

नंतर मी माहिती घेतली. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ काही माणसांच्या फुप्फुसांना सोसत नाही. वर्षानुवर्षे ती श्वासातून जात राहिली तर फुप्फुसे कडक होत जातात आणि ती पुन्हा पूर्ववत होतीलच असे नाही. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत याच कारणावरून केवढे वादळ उठले ते तुम्ही वाचले असेल. शासनाने विधिमंडळात शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, दादरचा जुना कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने लोकांच्या आरोग्याला आधी जागा दिली. पिढ्यान्‌पिढ्या जीवदया म्हणून दाणे टाकणारे एका बाजूला आणि धाप लागलेली माणसे दुसऱ्या बाजूला. वर्तमानपत्रात वाचताना मी दोन्ही बाजूंना नावे ठेवत होतो. ती चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा नावे ठेवायला कोणी उरले नाही. 'कोणी खाल्ले ते पाहू नये' म्हणत मी दोन वर्षे जे पाहिले नव्हते, ते एका वारकऱ्याच्या छातीत जाऊन बसले होते. आणि तो माझे पुण्य मोडू नये म्हणून गप्प राहिला होता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट कळली, आणि तिने माझी पळवाट पुरती बंद केली. आपल्याला वाटते, दाणे टाकले की सगळी पाखरे सारखी जगतात. तसे नसते. चिमणी स्वतः दाणे खाते, पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या तिच्या पिलांना दाणे चालत नाहीत. त्यांना अळ्या आणि बारीक किडे लागतात. भोवती झुडपे नसली, गवत नसले, सगळीकडे फरशी आणि फवारणी असली, तर चिमणीपुढे ज्वारीचे पोते ओतले तरी तिचे पिलू वाढणार नाही. कबुतराचे वेगळे आहे. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा एक रस तयार होतो, नराच्याही आणि मादीच्याही, आणि त्यावर पिले वाढतात. म्हणजे कबुतराला फक्त दाणा मिळाला की त्याचे घर चालते. शिवाय हा मूळचा पारवा, कड्याकपारीत, विहिरीच्या कोनाड्यात, किल्ल्याच्या तटात राहणारा. आपल्या इमारतींचे सज्जे आणि कूलरच्या खालच्या जागा त्याला कपारीच वाटतात. तो जवळजवळ वर्षभर अंडी घालतो.

याचा अर्थ लक्षात घ्या, माउली. मी म्हणत होतो की मी निःपक्षपाती आहे, दाणे सगळ्यांसाठी ठेवले आहेत. पण माझी ताटली पहिल्या दिवसापासून एकाच बाजूची होती. दांडग्याला ती घर, अन्न, संतती सगळे देत होती आणि दुबळ्याला फटीतले चार दाणे. गच्चीवरची चढाओढ देवाने मांडली नव्हती. शेतात, माळावर, झाडीत दाणा विखुरलेला असतो; एक इथे, एक तिथे. तिथे कबुतराला एका जागी उभे राहून सगळे गिळता येत नाही आणि चिमणीला आपला वाटा शोधायला जागा असते. मी सगळे एका ताटलीत गोळा केले आणि मग त्या ताटलीभोवती जे भांडण झाले त्याला निसर्ग असे नाव दिले. रानातले भांडण देवाचे असेल. माझ्या गच्चीवरचे भांडण माझ्या ताटलीचे होते.

इथे मला धापेवाड्याची एक गोष्ट आठवली. आठवली असे म्हणतो, पण खरे तर ती मी विसरायचा प्रयत्न करीत होतो. नागपूरच्या जवळ, कळमेश्वर तालुक्यात चंद्रभागेच्या काठी हे गाव आहे. कोलबास्वामींचे स्थान, विदर्भाची पंढरी. आषाढी एकादशीनंतर पौर्णिमेला पांडुरंग तिथे येतो ही आपली श्रद्धा, आणि यात्रेला गर्दी लोटते. एका वर्षी आम्ही काही मंडळींनी यात्रेकरूंना केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटायचे ठरवले. टेम्पो उभा केला आणि मागून पुडे फेकायला सुरुवात केली. क्षणात रेटारेटी झाली. तरुण पोरे पुढे, त्यांच्या हातात चार-चार पुडे. अर्ध्या तासात टेम्पो रिकामा. आम्ही खूश, फोटो काढले. निघताना रस्त्याकडेला एक म्हातारी बसलेली दिसली, पायात फाटकी चप्पल, डोक्यावर तुळस. मी विचारले, "आजी, केळी घेतली का?" ती हसली. "असू दे गा बाबू. मले का त्या गर्दीत घुसता येते?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. टेम्पोत द्यायला काही उरले नव्हते. मी नमस्कार केला आणि निघालो.

ती म्हातारी म्हणजे कठड्यावरची चिमणी. आणि रेटारेटी करणाऱ्या पोरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांनाही भूक होतीच, आणि फेकलेली वस्तू जो झेलेल त्याची, हा नियम त्यांना आम्हीच दिला होता.

आता दिंडीतली पंगत आठवा. दिवसभर चालून आलेली शे-दोनशे माणसे ओळीने बसतात. प्रत्येकापुढे पत्रावळ. वाढपी एका टोकापासून निघतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत जातो. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय आणि नामघोष झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. पहिलवान असो की अधू म्हातारा, अन्न त्याच्यापर्यंत चालत येते. त्याला अन्नापर्यंत झुंजत जावे लागत नाही. तेच लोक, तीच भूक, तेवढेच अन्न. टेम्पोपाशी जे एकमेकांना तुडवतात, तेच पंगतीत शेजाऱ्याच्या पत्रावळीकडे बघून वाढप्याला हाक मारतात, "इकडे भाजी आणा, माउलींना वाढा." माणसे बदललेली नसतात. देण्याची मांडणी बदललेली असते. ढीग मांडला की भूक भांडू लागते, ओळ मांडली की तीच भूक शेजाऱ्याची काळजी घेऊ लागते. आपल्या पूर्वजांनी वारीला एवढी शिस्त का लावली, विणेकरी, चोपदार, दिंड्यांचे क्रमांक कशासाठी, हे मला कबुतरांनी शिकवले असे म्हणायला हरकत नाही.

संतांच्या गोष्टी या दृष्टीने पुन्हा पाहाव्यात. नाथांनी कावडीतले गंगेचे पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. ते त्यांनी वाळूत ओतून 'आता पिईल तो पिईल' म्हणत पुढची वाट धरली नाही. ज्याला उठवत नव्हते त्याच्या तोंडात घातले. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की कोरडी खाऊ नको. अन्न गेले म्हणजे काम झाले असे त्यांना वाटले नाही. ते कसे खाल्ले जाते याची काळजी वाटली. या दोन्ही गोष्टींत दान हातातून सुटल्यावर संपत नाही, ते घेणाऱ्याच्या मुखापर्यंत सोबत जाते. निष्काम कर्म म्हणजे फळाची आशा नसणे. घेणाऱ्याकडे पाठ फिरवणे असा त्याचा अर्थ मी लावला होता, ती माझी सोय होती.

तुम्ही विचाराल, मग तुकोबारायांनी शेत राखायला बसून पाखरांना मनमुराद खाऊ दिले, त्याचे काय? तिथे तर त्यांनी कोणाची पत्रावळ मांडली नाही. खरे आहे. पण ते शेत होते. कणसे ताटांवर उभी होती, साऱ्या रानात पसरलेली. त्या डोलणाऱ्या कणसाला लटकून दाणा काढणे हलक्या पाखराला सोपे आणि जडाला अवघड. शेत ही देवाने मांडलेली पंगतच असते. महाराजांना फक्त गोफण खाली ठेवायची होती. मला आधी ढीग उचलायचा होता.

आणि इथेच मला उपाय सापडला. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, नवे धान आले की लोंब्यांची सुबक जुडी विणून दाराशी, ओसरीला टांगतात. चिमण्या येऊन तिला लोंबकळतात आणि एकेक दाणा काढतात. ज्वारीच्या गावात कणसांची जुडी टांगत. मी लहानपणी ती शोभा समजत होतो. आता पाहिले तर त्यात किती विचार आहे! लोंबत्या जुडीला चिमणी सहज धरते. कबुतराला तसे लटकता येत नाही; त्याला उभे राहायला सपाट जागा लागते. काठी नाही, हाकलणे नाही, कोणाला भय नाही. फक्त देण्याचा आकार असा, की ज्याला कोणी जागा देत नाही त्याचा हात आधी पोचतो.

मी ताटली बंद केली. काटोलकडच्या नातेवाइकांकडून ज्वारीची कणसे आणतो आणि दोरीला थोडी थोडी टांगतो. खाली पडलेले रोज झाडून घेतो. पाण्याचे भांडे रोज घासतो, कारण घाणेरड्या भांड्यातून पाखरांना रोग होतात. इंग्लंडमध्ये २००५ पासून एका परोपजीवी जंतूने ग्रीनफिंच नावाच्या पाखराची संख्या फार खाली आणली, आणि दाणापाण्याच्या जागी जमणारी गर्दी त्या रोगाला पसरायला मदत करते असे तिथले जाणकार सांगतात. दयेने ठेवलेले भांडे न घासल्यामुळे विषाचे होऊ शकते, हे आपल्यालाही लागू आहे. कुंड्यांतली फवारणी थांबवली, म्हणजे अळ्या राहतील. मेंदी आणि बोगनवेल दाट वाढू दिली, कारण एका सकाळी कडुनिंबावरून शिक्रा सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक चिमणी घेऊन गेला. त्या दिवशी फार वाईट वाटले. पण शिक्र्याचेही पोट आहे, आणि त्याचा न्याय करणे माझे काम नाही. मी पाखरांना उघड्यावर गोळा केले, तर त्यांना लपायला झुडूप देणे एवढे माझे काम आहे. देवाचे काय आणि आपले काय, ही रेघ मला अशी हळूहळू दिसू लागली.

सगळे छान झाले असे मात्र सांगत नाही. कबुतरे काही दिवस रिकाम्या गच्चीवर येऊन बसत, माझ्याकडे पाहत. दोन वर्षे ज्यांना सवय लावली त्यांना एकदम बंद करणे ही माझीच दुसरी चूक झाली असती; म्हणून दाणे थोडे थोडे कमी करत दीड महिन्यात थांबवले. ती पांगली. कुठे गेली, किती जगली, ठाऊक नाही. त्यांचे ते पाहणे अजून आठवते. साळुंकी कणसापाशी अजूनही चिमणीवर धावते. खालच्या माउलींची धाप पूर्ण गेलेली नाही. मी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "जाऊ द्या. एकादशीला टाळ मी वाजवीन, चाल तुम्ही धरा." चाल धरताना माझा गळा दाटतो.

मग कबुतरातला विठ्ठल? मला आता असे वाटते की समदृष्टी म्हणजे सगळ्यांपुढे एकच ताटली सरकवणे नव्हे. आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो, पांडुरंगाला माउली म्हणतो, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला माउली म्हणतो. घरातली माउली काय करते? तान्ह्याला दूध देते, थोरल्याला भाकरी, आजाऱ्याला पेज. वाटे वेगळे, माया एकच. थोरल्याने धाकट्याच्या ताटातले ओढले तर ती थोरल्याचा द्वेष करत नाही. ताट जरा लांब ठेवते. कबुतराला दाणे न घालणे हा माझ्या मनात कबुतराचा द्वेष असेल तर पाप, आणि त्याच्यावर काठी न उगारता, त्याचे रान त्याला मोकळे ठेवून असेल तर तीही मायाच. फरक हातात दिसत नाही, मनात तपासावा लागतो. मी रोज तपासतो. कधी कधी काठी अजून मनात सापडते.

आणि रानातही सगळी चोच मारणारीच नाहीत. आमच्या कुंपणाशी सातभाईंचा थवा येतो. कलकल करत पाचोळा उलटा-पालटा करतात, पण त्यांतला एक खात नाही. उंच फांदीवर बसून पहारा देतो. पिलांना सगळा थवा मिळून भरवतो. नागपुरात दीर्घकाळ राहिलेले, वनखात्यात आयुष्य घालवलेले आणि 'पक्षीकोश' सिद्ध करणारे मारुती चितमपल्ली आपल्याला २०२५ च्या जूनमध्ये सोडून गेले. त्यांच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या १२ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'पक्षी जाय दिगंतरा' असे आहे, ते जनाबाईंच्या अभंगातून आले आहे. रानात हिंडलेल्या माणसाला पाखरांविषयी लिहिताना जनीची आठवण व्हावी, यात मला मोठी खूण वाटते. जनीने पाखरात पाहिली ती आई, दूर गेली तरी चित्त पिलापाशी असलेली.

माउली, आषाढी जवळ येते आहे. तुमच्यापैकी कोणी वाटेवर पाणी वाटेल, कोणी चहा, कोणी केळी, कोणी औषधे. वाटा, जरूर वाटा. फक्त टेम्पोवर उभे राहून फेकू नका. खाली उतरा. एक माणूस गर्दीच्या शेवटाकडे पाठवा, तिथून सुरुवात करू द्या. घरी दाणे ठेवत असाल तर एक दिवस ताटलीपासून दूर, हातात काही न घेता बसा आणि कठड्यावर कोण थांबले आहे ते बघा. शेजाऱ्याला विचारा, त्याला त्रास होतो का. तो स्वतःहून सांगणार नाही.

धापेवाड्याच्या रस्त्यावरची ती म्हातारी मला पुन्हा भेटलेली नाही. दर वर्षी पौर्णिमेला जातो. आता पिशवीत केळी घेऊन, पायी, रस्त्याच्या कडेकडेने.

रामकृष्ण हरी.